बाटलीवर फक्त ‘नांदेड’ लिहिलंय

आक्का, तुमची पिशवी शेवटी माझ्याकडेच आली.

तेराव्यानंतर लातूरच्या तुमच्या दोन खोल्या आवरायला आम्ही बसलो. साड्या तुमच्या शेजारणींनी आठवण म्हणून नेल्या. पुस्तकं मुरुडच्या शाळेत दिली, जिथे तुम्ही उभा जन्म पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावलीत. तुमच्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, तुमचं घड्याळ घेतलं आणि ते बंद आहे हे कळल्यावरही मनगटावरून काढलं नाही. पिशवी मात्र दारामागच्या खिळ्याला तशीच लटकत होती. तिच्यात काय आहे हे मला न उघडता माहीत होतं. टॉवेलात गुंडाळलेले दोन काचेचे ग्लास आणि हळकुंडांच्या दोन बाटल्या. एका बाटलीत मातकट, फिकी हळकुंडं, वर तुमच्या वळणदार अक्षरात ‘मुरुड, शेतातली’. दुसरीत पिवळीजर्द. तिच्यावर फक्त ‘नांदेड’.

नांदेड म्हणजे मी. नांदेड म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली बरणी. आठ वर्षं तुम्ही ती बाटली गावोगाव नेलीत आणि त्या एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहिला नाहीत.

भावजयीनं नणंदेला पत्र लिहावं असं आपलं नातं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली भाकरी हातात धरून तुम्ही म्हणाला होतात, “सुनंदा, ही भाकरी हाय का जिल्ह्याचा नकाशा?” मीही काही कमी नव्हते. म्हणाले, “आक्का, भूगोल तुम्ही शिकवता, मी फक्त चारते.” सासूबाईंचा हात चुलीपाशी थबकला. आता काय होतंय म्हणून मी मान खाली घातली, तर तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की अंगणातली कामकरी माणसं वळून बघायला लागली. त्या दिवसापासून आपण भांडलो ते बरोबरीनं. मला सख्खी बहीण नाही. तुम्ही तेवढ्या होतात, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

ती अंगणातली माणसं हळदीची होती. आपलं घरच हळदीचं. शेतकऱ्यांची शिजवून वाळवलेली हळद यायची, मागच्या शेडमध्ये ड्रम घरघरत फिरायचा, सालपटं निघून हळकुंडं गुळगुळीत व्हायची. आणि शेवटच्या फेऱ्यांमध्ये ड्रममध्ये पिवळी पूड पडायची. त्याला सगळे ‘रंग देणं’ म्हणायचे. रंग दिल्याशिवाय मोंढ्याच्या बाजारात माल उठत नाही, एवढंच कारण सगळ्यांना पुरेसं होतं. ती पूड कशाची असते, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. मी तर त्या पिवळ्या हातांच्या माणसांना चहा द्यायचे आणि कपबशा पिवळ्या झाल्या म्हणून करवादायचे.

आणि सासूबाईंनी घालून दिलेली ती रीत. प्रत्येक ढिगातली सगळ्यात उजळ, सगळ्यात पिवळी हळकुंडं आधी घराला. मालाचा पहिला मान घराचा. मी सुपात हळद घेऊन बसायचे आणि एकेक हळकुंड उन्हात धरून बघायचे. जरा फिकं दिसलं की बाजूला, ते विकायचं. लखलखीत असेल ते आपलं. माझ्याएवढी चोखंदळ सून शोधून सापडली नसती, आक्का. जगासाठी कमी विषाची आणि घरासाठी जास्त विषाची हळद मी स्वतः निवडत होते, एका जागी मांडी घालून, मोठ्या अभिमानानं.

त्यातलीच हळद माझ्या लेकीच्या, शरूच्या दुधात. सारखी सर्दी, सारखा खोकला, अंगाला मांस नाही. शेजारणी म्हणायच्या, हळद-दूध द्या. घरात हळदीची शेड, मग मी कशाला मागे राहते? ती जेवढी वाळत गेली तेवढा माझा चमचा भरत गेला. पेला तोंडाला लावून ती रडायची तेव्हा मी नाक दाबून पाजलंय तिला.

दुसरीत असताना तिला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुरुडला तुमच्याकडे सोडलं, तेव्हा सोडता सोडताच गाऱ्हाणं केलं होतं. “आक्का, ही मुद्दाम करते. तीनचा पाढा काल घडाघडा म्हणाली, आज तोंड उघडत नाही. नाटकं आहेत नुसती.” उलथन्याचा वळ तिच्या पोटरीवर होता. तुम्ही तो पाहिलात, पण तिच्यासमोर काही बोलला नाहीत.

आठ दिवसांनी तुमचा फोन आला. आवाजात नेहमीची टोचणी नव्हती. “सुनंदा, तीस वर्सं झाली मला शिकवायला. न येणारी लेकरं मी लई बगितली. पन आलेलं इसरनारं लेकरू पैल्यांदा बगून राहिले. पोट दुखतंय म्हनती रोज. रंग बघ तिचा, पांढरीफटक. पोरगी मुद्दाम न्हाई करत, बाई. तिला काहीतरी होऊन राहिलंय.”

मला राग आला होता. पोटची पोर माझी, आणि मूल नसलेल्या बाईनं मला शिकवावं? मी तसं बोलले नाही, पण विचार आला होता. तुम्ही असताना कबूल करायचं धाडस झालं नाही, आता करते.

तुम्ही हट्टानं आम्हाला नेलंत त्या लातूरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जंताचं औषध, रक्तवाढीचं औषध, आधीचे सगळे कागद बघितले आणि एकच विचारलं, “घरी काय काम चालतं?” हळदीचं, मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्त बाहेरगावी तपासायला गेलं, आणि उत्तर आलं ते शिशाचं. मी खुळ्यासारखी म्हणाले, “ती शिसपेन्सिल चावते हो, मी हजारदा सांगितलं.” ते म्हणाले, पेन्सिलीत शिसं नसतं, बाई. तुमच्या घरात येतंय ते दुसरीकडून येतंय. आणि लहान मुलाच्या अंगात ते जरासुद्धा चांगलं नाही. रक्तात जातं, हाडात बसतं, मेंदू वाढत असतो तिथेच घाव घालतं. आधी येणं बंद करा, मग औषधाचं बघू.

त्याच दिवशी तुम्ही माझ्यासोबत नांदेडला आलात. ओट्यावर दोन ग्लास पाणी ठेवलंत. एकात तुमचं मुरुडचं हळकुंड टाकलंत. ते तळाला गेलं आणि पडून राहिलं. दुसऱ्यात माझ्या बरणीतलं टाकलंत. पाण्यात शिरता शिरताच त्याच्या अंगावरून पिवळी रेघ सुटली आणि खाली उतरत गेली. “ग्लास नुसता शंका दावतो,” तुम्ही म्हणालात, “खरं ते तपासनीतच कळतंय.” तपासणीतही तेच आलं, शिसं त्या पिवळ्या पुडीतच होतं. तुमचे भाऊ दारात उभे होते. त्या आठवड्यात ड्रम बंद झाला, शेडला कुलूप लागलं, पुढे किराणा दुकान आलं. पुडीचं पोतं त्यांनी कुठे नेऊन टाकलं, ते अजून मला सांगत नाहीत. लोकांना सांगितलं, हळदीत आता राम राहिला नाही.

शरूच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. लोहाची औषधं, दूध, पालेभाज्या, तुमचे फोनवर फोन. खोकला गेला, पोट दुखायचं थांबलं. पण जे गेलं ते सगळं परत आलं नाही. आज ती पंधरा वर्षांची आहे आणि दुकानात सुट्टे द्यायला दोनदा बोटं मोजते.

आपलं खरं भांडण इथून सुरू झालं.

तुम्हाला आठवतं ना, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका डबे-वाट्या लुटायच्या आणि मी घरच्या हळदीची पुडी द्यायचे? पाच संक्रांती. सगळी गल्ली माझ्या वाणाची वाट बघायची. समोरच्या लताबाई तर एक पुडी जास्त मागून न्यायच्या, त्यांचा गणेश शरूच्याच वयाचा, त्यालाही सारखी सर्दी.

शेडला कुलूप लागलं त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, “वाण तू दिलंस, आता निरोपबी तूच दे.”

मी म्हणाले, “आक्का, दोन दिवस राहून तुम्ही मुरुडला जाल. मला या गल्लीत जन्म काढायचाय. उद्या म्हणतील, हिच्या पोरीच्या मेंदूत विष आहे. लग्न कोण करेल तिच्याशी?”

“सात वर्सांची हाय ती!”

“गल्ली विसरते का कधी?”

“मग त्यांच्या लेकरांचं काय? त्यांची रक्तं कोन तपासनार? आनि शरूचं काय? तिला तरी सांग. तिला वाटतंय ती ढ हाय.”

मी शरूला हाक मारली. ती आली, आणि मी तुमचा हात ओढून तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, शपथ घ्या. आमचं नाव कुठे काढणार नाही आणि हिला कधी सांगणार नाही. शपथा-बिपथा तुम्ही आयुष्यात मानल्या नाहीत. पोरांना वर्गात ‘आईची शपथ’ म्हणू द्यायच्या नाहीत. पण माझ्या पोरीच्या डोक्यावर हात होता, आणि तो तसा काढून घेणं तुम्हाला जमलं नाही. तुमच्या जिवाला काय वाटलं असेल, हे मी त्या दिवशी बघितलंच नाही. मी फक्त सुटले.

मग तुम्ही एकट्या निघालात. सुट्टीत आणि निवृत्तीनंतर तर रोजच. मुरुडचा बाजार, निलंग्याच्या बाजूच्या अंगणवाड्या, बचत गटाच्या बैठका. ग्लास मांडायच्या आणि सांगायच्या. हळद अख्खी घ्या, फार पिवळ्याला भुलू नका. जुन्या बॅटऱ्या घरात फोडू नका, त्या कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे पोरं तोंडात घालतात, लक्ष ठेवा. शेंदूर देवाला, लेकराच्या तोंडात नको. बाजारात एका हळदवाल्यानं तुमचा ग्लास उलथून टाकला, तर तुम्ही हापशावरून दुसरं पाणी आणलंत. हे मला तुमच्या शेजारणीनं तेराव्याला सांगितलं. आणि प्रत्येक ठिकाणी म्हणायच्या, “नांदेडचं एक लेकरू हाय. मी डोळ्यांनी बगितलंय.” एक लेकरू. नाव नाही, गल्ली नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या गल्लीत आलात, लताबाईंच्या हळदीकुंकवाला. नवरा लवकर गेलेल्या बाईला तिथे कोण बोलावतं? तुम्ही आपणहून आलात, उंबऱ्याजवळ बसलात. “मला लावू नका कुंकू, पन ऐकून तरी घ्या.” ग्लास मांडले. लताबाईंची जाऊ फटकन म्हणाली, “जिला हळद चालत नाही ती आता हळदीला नावं ठेवायला लागली.” दोघी-तिघी हसल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हळदीचं घर माझं. आणि मी म्हणाले, “आक्कांना सवय आहे हो मास्तरकीची. हळदीतलं त्यांना काय कळतंय?”

तुम्ही ग्लासातलं पाणी तुळशीत नाही, मोरीत ओतलंत. तेवढीही काळजी घेतलीत. टॉवेलात ग्लास गुंडाळले आणि मला म्हणालात, “सुनंदा, बसस्टँडपर्यंत रिक्षा मिळंल ना?” मी ‘हो’ म्हणाले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गणेशनं आठवीनंतर शाळा सोडली. लताबाई म्हणतात, डोकंच नाही त्याला. माझ्या हळदीनं गेलं की आणखी कशानं, आता कोण सांगणार? वेळेवर रक्त तपासलं असतं तर निदान तेवढं कळलं असतं. त्या बोलतात तेव्हा मी भाजी निवडत राहते.

तुमचा शेवटचा फोन मी शरूला लातूरच्या क्लासला घालायचं म्हणत होते तेव्हाचा. तिथे राहिली की सुधारेल, सगळ्यांची पोरं तिथेच घडतात, असं माझं चाललेलं. तुम्ही चिडलात. “तिला घडवू नको आता. तिला सांग. शपथ मोड माझी, मी मेले तर मरू दे, पन या संक्रांतीला तरी सांग.” मी म्हणाले, कुकरची शिट्टी होतेय आक्का, मग करते फोन. कुकर लावलेलाच नव्हता.

मग केलाच नाही.

शेवटच्या आंघोळीनंतर तुमच्या कपाळाला बुक्का लावला. हळदीची वाटी बाजूलाच होती, एका म्हाताऱ्या बाईनं ती आठवणीनं सरकवून ठेवली. मी बघत होते.

परवा लताबाईंचं हळदीकुंकू झालं. मी शरूला घेऊन गेले, आणि तुमची पिशवी. काढताना ग्लास एकमेकांवर वाजले. सगळ्यांना वाटलं, नणंदेची आठवण म्हणून काही आणलंय. बाटलीत तीन हळकुंडं उरलेली. एक पाण्यात टाकलं. इतक्या वर्षांनीसुद्धा ती पिवळी रेघ सुटलीच, आक्का.

मी म्हणाले, “आक्का सांगायच्या ते नांदेडचं एक लेकरू माझी शरू आहे. ही हळद माझ्या घरची आहे. पाच संक्रांती तुम्हाला वाण दिलं ते हेच. आम्हाला कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आक्कांनाही सांगू दिलं नाही.”

मला वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. लताबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्या ग्लासाकडे बघत म्हणाल्या, “मी जास्तीची पुडी मागून न्यायचे. तू देत राहिलीस.” मी म्हणाले, तेव्हा मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “आन माहीत झाल्यावर?” त्या करंडा घेऊन आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. बायका वाण न घेताच उठल्या. एक नवी सून, कडेवर लहान मुलगी, तेवढी दारात थांबली. “रक्त कुठं तपासत्यात?” तिनं हळूच विचारलं. तिचा नवरा बॅटऱ्यांच्या दुकानात आहे. मी तिला सगळं सांगितलं, तुम्ही सांगायच्या तसं, कपड्यांपासून. तिचा नंबर घेतलाय. उद्या तिच्याबरोबर दवाखान्यात जाईन.

पण मला हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. मला शरूचं सांगायचंय.

ती सगळा वेळ मागे भिंतीला टेकून होती. बाहेर आलो तर चपला घालेना. एक चप्पल पायात, एक हातात, तशीच उभी राहिली. मला वाटलं लाज वाटली असेल, गल्लीसमोर नाव काढलं म्हणून. मी म्हणाले, चल बाळा, घरी जाऊन बोलू.

ती म्हणाली, “आई, म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते ना?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मला वाटायचं, मीच मुद्दाम करते,” ती म्हणाली. “तू म्हणायचीस म्हणून.”

आठ वर्षं, आक्का. हे तिला तुम्ही सांगणार होतात, आणि मी तुमचा हात धरून ठेवला होता.